अमेरिकेचा इतिहास कोठें पाहावा?

गेल्या महिन्यांत डोंबिवलीहून एका वृद्ध वाचकांचें पत्र आमच्याकडे आलें. हे गृहस्थ सेवानिवृत्त शिक्षक असून त्यांचे चिरंजीव सहकुटुंब न्यू जर्सी संस्थानांत राहतात. नातीच्या शाळेंत अमेरिकेच्या इतिहासांतील एखाद्या स्त्रीविषयीं निबंध लिहावयास सांगितला, तेव्हां तेथील ठराविक नांवें सोडून तिनें डॉ. आनंदीबाई जोशी यांचें नांव घेतलें. १८८३ सालीं आनंदीबाई अमेरिकेंत उतरल्या त्या प्रथम न्यू जर्सींतील रोझेल गांवींच राहावयास गेल्या, ही गोष्ट आजोबांनींच तिला पूर्वीं केव्हां तरी सांगितली होती. नात फोनवर म्हणाली, "आजोबा, त्या तुमच्या कल्याणच्याच ना? मग खरी माहिती तुम्हीच काढून द्या." आजोबा हौसेनें शोधास बसले आणि पांच संकेतस्थळांवर पांच हकीकती वाचून गोंधळून गेले. बाई जन्मल्या कोठें येथपासूनच एकवाक्यता नाहीं! शिक्षकांची तर अट अशी कीं, प्रत्येक विधानास आधार दाखविला पाहिजे. तेव्हां अमेरिकेच्या इतिहासाच्या अभ्यासास इंटरनेटवर विश्वासास पात्र अशीं ठिकाणें कोणतीं, व तीं ओळखावीं कशीं, असें त्यांनीं आम्हांस विचारलें आहे.

प्रश्न एकट्या या नातीचा नाहीं. ठाणें, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यांतील आमच्या वाचकांत ज्यांचें जवळचें कोणीच अमेरिकेंत नाहीं अशीं घरें आतां थोडीं. पूर्वीं त्या देशाविषयीं कांहीं नीट वाचावयाचें तर येथील विद्यार्थी लोकलनें मुंबईस जाई व न्यू मरीन लाइन्सवरील अमेरिकन सेंटरच्या ग्रंथालयांत बसे. हवें तें पुस्तक मिळो न मिळो, जें मिळे तें कोणी जाणत्यानें निवडून ठेवलेलें असे. आतां घरबसल्या सारें कांहीं मिळतें. मात्र निवडून देणारा जाणता मधून नाहींसा झाला आहे, आणि त्याचें काम ज्याचें त्यास करावें लागतें.

हें काम कसें करावें याविषयीं आम्ही एक घरगुती उपाय सुचवितों. अनोळखी सोनाराचा तराजू पारखावयाचा तर ज्याचें वजन आपणांस पक्कें ठाऊक आहे असा घरचा दागिना त्यांत घालून पाहावा. अमेरिकेच्या इतिहासावरील संकेतस्थळाचीही पारख याच रीतीनें करावी. वॉशिंग्टन किंवा जेफरसन यांच्याविषयीं त्यानें खरें लिहिलें कीं खोटें, हें आपणांस एकदम कळणार नाहीं. आनंदीबाईंविषयीं काय लिहिलें आहे तें मात्र आपणांस तपासतां येतें. नातीनें विषय निवडला तो या दृष्टीनें फारच चांगला निवडला.

आतां हा दागिना तराजूंत घालूं. जन्मस्थान कोठें कल्याण दिलेलें असतें, कोठें पुणें. आमच्या वाचकभगिनींस हा घोळ कसा होतो हें सांगावयास नको: लेक बाळंतपणास माहेरीं जाते, मूल आजोळीं जन्मतें आणि त्यास गांव लागतें तें वडिलांचें. घराणें कल्याणचें, बाळपण कल्याणास गेलें, नवव्या वर्षीं लग्न तेथेंच झालें, माहेरचें नांव यमुना, यांविषयीं कोणाचा वाद नाहीं. तेव्हां जन्माविषयीं जो मोजून मापून लिहितो तो लेखक सावध समजावा, आणि जो एकच नांव ठोकून देऊन पुढें जातो त्याच्या इतर विधानांकडेही जरा संशयानेंच पाहावें. दुसरी कसोटी 'पहिली' या शब्दाची. आनंदीबाईंस ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियांत एम. डी. ही पदवी मिळाली. त्याच सालीं कादंबिनी गांगुली यांनीं कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील शिक्षण पुरें केलें व पुढें त्यांनीं वर्षानुवर्षें वैद्यकी केली. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं क्षयानें पुण्यास वारल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठीं ठरली होती, तेथें काम करणें त्यांच्या नशिबीं आलें नाहीं. पाश्चात्य वैद्यकांतील पदवी परदेशीं जाऊन मिळविणारी पहिली हिंदी स्त्री म्हणणें निराळें, आणि हिंदुस्थानांत वैद्यकी करणारी पहिली स्त्री म्हणणें निराळें. हा भेद जेथें राखलेला नाहीं, तेथून नातीनें कांहीं उचलूं नये.

तिसरी कसोटी एका छायाचित्राची. आपआपल्या देशीं पोशाखांत बसलेल्या तीन तरुणींचें तें चित्र बहुतेक वाचकांच्या मोबाईलवर केव्हां ना केव्हां आलें असेल. १० ऑक्टोबर १८८५ या तारखेचें हें छायाचित्र अस्सल आहे. त्यांत आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी व सिरियाच्या सबात इस्लामबूली आहेत. तिघीही आपआपल्या देशांतील पहिल्या स्त्री-डॉक्टर, असा मजकूर त्याखालीं पुष्कळदां घातलेला असतो. जपानपुरता तरी तो चुकीचा आहे, कारण तेथें ओगिनो गिन्को या बाईंस वैद्यकीचा परवाना १८८५ सालींच मिळाला होता, आणि ओकामी यांस पदवी मिळाली ती १८८९ सालीं. चित्र खरें आणि खालचा मजकूर खोटा, हा प्रकार इंटरनेटवर फार चालतो. खऱ्या चित्रामुळें खोट्या मजकुरासही पत मिळते.

मग अस्सल कागद कोठें आहेत? आनंदीबाई शिकल्या तें पेनसिल्व्हानियाचें स्त्रियांचें वैद्यकीय महाविद्यालय १८५० सालीं स्थापन झालें होतें. १९७० च्या सुमारास तेथें पुरुषांस प्रवेश मिळूं लागला, नांव बदललें, पुढें तें दुसऱ्या एका वैद्यकीय संस्थेशीं जोडलें गेलें आणि अखेर २००२ सालीं फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठांत सामील झालें. संस्था मावळली, परंतु तिचीं दप्तरें फेंकून दिलीं गेलीं नाहींत. ड्रेक्सेलच्या वैद्यकीय महाविद्यालयाचें 'लेगसी सेंटर' नांवाचें अभिलेखागार आहे, तेथें तीं जपलीं आहेत व त्यांतील बरेच कागद संकेतस्थळावर कोणासही फुकट पाहावयास ठेवले आहेत. वरील छायाचित्र तेथलेंच. प्रवेश मागण्यासाठीं २८ जून १८८३ रोजीं आनंदीबाईंनीं लिहिलेलें पत्रही तेथें आहे. अठरा वर्षांच्या त्या मुलीनें प्रवेशाच्या अटी आपण कदाचित् पुऱ्या करूं शकणार नाहीं हें आधींच सांगून, आपल्या देशांतील आजारी बायकांना वैद्यकीय मदत मिळावी हा हेतु पुढें ठेवून, तें लिहिलें आहे. आजोबांनीं इतर कांहीं पाहण्यापूर्वीं तें पत्र पाहावें. पदवीसाठीं लिहिलेला त्यांचा प्रबंध आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर होता, हेंही नातीस सांगावें. तिच्या शिक्षकांस नवल वाटेल.

येथें शोधकांस एक युक्ति सांगून ठेवितों. आपण हल्लीं लिहितों त्या इंग्रजी स्पेलिंगानें शोध केला तर जुने कागद सांपडत नाहींत. त्या काळीं अमेरिकेंत हें नांव 'आनंदाबाई' असें छापीत आणि 'जोशी' हें नांव शेवटीं दोन 'ई' अक्षरें घालून लिहीत. पुष्कळ ठिकाणीं तर नुसतें 'मिसेस जोशी' एवढेंच आहे. या जुन्या स्पेलिंगानें अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या जुन्या वृत्तपत्रांच्या संग्रहांत शोध केल्यास त्या वेळचे लोक या साडींतील विद्यार्थिनीविषयीं काय लिहीत होते तें पाहतां येतें. या संग्रहाचें नांव 'क्रॉनिकलिंग अमेरिका' असून त्यांत दोन कोटींहून अधिक पानें आहेत. वर्तमानपत्र म्हणजे त्या दिवसाची समजूत, सत्य नव्हे. हें जसें आजच्या पत्रांविषयीं खरें, तसेंच १८८६ च्याही.

कॅरोलाइन हीली डॉल या बाईंनीं लिहिलेलें आनंदीबाईंचें इंग्रजी चरित्र १८८८ सालीं बोस्टन येथें प्रसिद्ध झालें. तें 'इंटरनेट आर्काइव्ह' या मोफत ग्रंथभांडारांत मूळ पानांच्या छायाचित्रांसह वाचावयास मिळतें. रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनीं आनंदीबाईंस आपल्या घरीं लेकीसारखें ठेवून घेतलें होतें. त्यांच्याशीं झालेल्या पत्रव्यवहाराचा या चरित्रास मोठा आधार आहे. म्हणजे पुस्तक जुनें, लेखिका समकालीन, साधनें अस्सल. विश्वासार्हतेच्या सर्व परीक्षा तें उतरतें, आणि तरीही एवढ्यावर निबंध लिहिला तर तो अर्धाच होईल, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कारण दुसरें अर्धें मराठींत आहे. काशीबाई कानिटकर यांनीं लिहिलेलें मराठी चरित्र १८८९ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत आनंदीबाईंची मराठी पत्रें आहेत. अमेरिकन स्नेह्यांस लिहितांना आनंदीबाई आपल्या देशाची व घरची बाजू सांवरून धरीत. परक्यांच्या घरीं राहणारी कोणतीही अभिमानी मुलगी असेंच करील. परंतु गोपाळरावांस मराठींत लिहितांना लहानपणीं त्यांच्या हातून सोसलेल्या माराविषयींही त्यांनीं मोकळेपणीं लिहिलें आहे. ज्यानें मारलें त्यानेंच शिकविलें, आणि ज्यानें शिकविलें त्यानेंच सातासमुद्रांपलीकडे धाडलें: हें कोडें इंग्रजी चरित्रावरून उलगडत नाहीं, कारण तेथें तें घातलेलेंच नाहीं. डॉ. मीरा कोसंबी यांनीं १९९६ सालीं एका लेखांत हाच मुद्दा मांडला कीं, इंग्रजी साधनांतील आनंदीबाई व मराठी साधनांतील आनंदीबाई या जणूं दोन निरनिराळ्या स्त्रिया झाल्या आहेत. त्यांच्या पश्चात् २०२० सालीं निघालेल्या इंग्रजी ग्रंथांत ही दोन्ही प्रकारचीं पत्रें एकत्र आलीं आहेत.

नातीच्या वर्गांतील शिक्षकांस इंग्रजी अर्धें सहज मिळेल. मराठी अर्धें डोंबिवलीच्या आजोबांवांचून मिळणार नाहीं. त्यांनीं काशीबाईंचें पुस्तक घेऊन त्यांतील दोन पत्रें स्वतः इंग्रजींत करून धाडावींत व पृष्ठांक द्यावेत. शोध घेण्यास जागाही दूर नाहींत. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें, म्हणजे आनंदीबाईंपेक्षां एका वर्षानें वडील. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. मोबाईलवर नाहीं तें जगांत नाहीं, अशी जी समजूत आमच्या घरांतील मुलांची होऊं लागली आहे, ती मोडावयास अशी एक फेरी पुरेशी आहे. मार मात्र नातीच्या निबंधांत यावा कीं न यावा, हा विचार आजोबांस पडेल. आमचें मत विचाराल तर यावा. आपल्या माणसांची झांकलेली बाजू परक्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षां मुलांनीं ती आजोबांकडून ऐकलेली बरी.

आतां आनंदीबाईंस सोडून अमेरिकेच्या इतिहासाच्या हमरस्त्यावर येऊं. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, १७८७ ची राज्यघटना आणि १७९१ चें हक्कांचें विधेयक, या तिन्हींच्या मूळ प्रती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहेत आणि त्यांचा शब्दशः मजकूर त्याच्या संकेतस्थळावर आहे. याच अभिलेखागारानें २०१३ सालीं 'फाउंडर्स ऑनलाइन' म्हणून एक संग्रह उघडला. त्यांत वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन इत्यादिकांचीं पावणेदोन लाखांहून अधिक पत्रें व टिपणें आहेत. याचा एक फार व्यावहारिक उपयोग आहे. सकाळच्या शुभेच्छांबरोबर जेफरसनचें एखादें बाणेदार वचन आलें, तर त्यांतील चारपांच शब्द या संग्रहांत घालून पाहावे. पुष्कळदां तें वचन सांपडतच नाहीं! जेफरसनच्या माँटिसेलो या घराची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेनें तर त्याच्या नांवावर खपविल्या जाणाऱ्या खोट्या वचनांची यादीच आपल्या संकेतस्थळावर ठेविली आहे.

काँग्रेसच्या ग्रंथालयांत एक संग्रह असा आहे कीं, तो आमच्या वाचकांनीं परीक्षेशिवायही वाचावा. १९३६ ते १९३८ या काळांत सरकारी योजनेंतून माणसें गांवोगांव धाडून, गुलामगिरींत जन्मलेल्या व त्या वेळीं हयात असलेल्या वृद्ध स्त्रीपुरुषांच्या तोंडच्या हकीकती लिहून घेण्यांत आल्या. अशा २,३०० हून अधिक हकीकती तेथें आहेत. मात्र वाचतांना एवढें ध्यानांत धरावें कीं, विचारणारे बहुतेक गोरे होते, सांगणारे गरीब व ऐंशीच्या पुढचे होते, आणि मंदीच्या त्या दिवसांत सरकारी माणसापुढें कोण किती मोकळें बोलणार? साधन अस्सल असलें म्हणजे त्यांतील प्रत्येक शब्द पुरा झाला, असें होत नाहीं.

हे सारे सुटे मणी झाले; ओंवलेली माळ हवी असेल तर 'दि अमेरिकन यॉप' हें पाठ्यपुस्तक पाहावें. अनेक प्राध्यापकांनीं मिळून लिहिलेलें, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या छापखान्यानें प्रसिद्ध केलेलें आणि इंटरनेटवर संपूर्ण फुकट असें हें दोन खंडांचें पुस्तक आहे. अमेरिकेंतील आपल्या लोकांचा इतिहास हवा असल्यास २००८ सालीं सुरू झालेलें दक्षिण आशियाई अमेरिकनांचें डिजिटल अभिलेखागार आहे. विकिपीडियाविषयीं वाचक नेहमीं विचारतात. तेथें आरंभ करण्यास हरकत नाहीं. पानाच्या तळाशीं ज्या टीपा असतात त्या वाचण्यासाठींच तेथें जावें, आणि निबंधांत आधार द्यावयाचा तो त्या टीपेंतील पुस्तकाचा, तें प्रत्यक्ष उघडून पाहिल्यावर.

सरकारी संकेतस्थळ म्हणजे पक्कें, असेंही समजूं नये. २०२५ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्यानें, गुलामांस गुप्तपणें स्वातंत्र्याकडे नेणाऱ्या 'अंडरग्राउंड रेलरोड' या चळवळीवरील आपल्या पानावरून हॅरिएट टबमन या थोर बाईंचें चित्र व वचन काढून टाकलें. वृत्तपत्रांनीं बोभाटा केल्यावर पान पूर्ववत् केलें. छापलेलें पुस्तक असें रातोरात बदलत नाहीं. म्हणून ज्या पानाचा आधार घ्यावयाचा, तें आपण कोणत्या तारखेस पाहिलें हें लिहून ठेवावें, आणि जुनें रूप पाहावयाचें झाल्यास इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'चें साहाय्य घ्यावें. २०२४ च्या ऑक्टोबरांत त्या भांडारावरच हल्ला होऊन तें कांहीं दिवस बंद पडलें होतें, तेव्हां महत्त्वाचें पान आपल्या घरच्या संगणकावर उतरवून ठेवणें बरें.

प्रश्न विचारतांच तयार उत्तर देणारीं नवीं यंत्रें आहेत त्यांविषयीं एकच सांगतों. २०२३ सालीं न्यूयॉर्कच्या एका न्यायालयांत वकिलांनीं अशा यंत्राकडून मिळालेले पूर्वीच्या निकालांचे दाखले सादर केले; ते खटले मुळीं झालेच नव्हते, आणि वकिलांस दंड झाला. यंत्रास इतिहासाचा दाखला विचारावयास हरकत नाहीं, परंतु त्यानें सांगितलेलें पुस्तक कपाटांतून काढून, तें पान हातीं लागेपर्यंत, त्यावर विसंबूं नये.

निबंध पुरा झाल्यावर नातीस आणखी एक विषय आजोबांनीं सुचवावा, असें आम्हांस वाटतें. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. त्यानंतर नवव्या दिवशीं, ९ एप्रिलास, जनरल ली शरण आला आणि अमेरिकेंतील यादवी युद्ध संपत आलें. पुढल्याच आठवड्यांत लिंकनचा खून झाला. तीं चार वर्षें दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी असल्यामुळें विलायतेच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळत नव्हता व आपल्या इकडील कापसास सोन्याचा भाव आला होता. आगगाडी १८५३ सालीं ठाण्यास व १८५४ सालीं कल्याणास पोहोंचलेली होती. कल्याणापासून एक फांटा बोरघाटाकडे व दुसरा थळघाटाकडे बांधला जात होता. मुंबईंत पैशाचा पूर आला, शेअरांचा जुगार माजला, आणि तिकडे युद्ध संपतांच भाव कोसळून १८६५ सालींच इकडे पेढ्या व कंपन्या बुडाल्या. लिंकनच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर उघडा आहे. कापसाच्या भावाची बाजू मात्र त्या सालच्या मुंबईच्या वृत्तपत्रांत पाहावी लागेल.